आम्ही हरलो, आपण जिंकलो

दिवाळी होऊन गेली, महिलांचा विश्वचषक घरी आला, इथली घड्याळे एक तास मागे गेली, आणि तरीही ठाण्याहून माझ्या धाकट्या भावाने केलेले एक विधान माझ्या मनातून जात नाही. विश्वचषकाच्या दुसऱ्या दिवशी फोनवर सगळे घर आनंदात असताना तो म्हणाला, "ताई, हरमनने कागद बाजूला ठेवला आणि मनाचा कौल घेऊन शेफालीच्या हातात चेंडू दिला, म्हणून कप आला. तुमचा तो बेसबॉलचा मॅनेजर आकडेवारीच्या कागदाला चिकटून बसला, म्हणून तुमचे लोक हरले." आत्याने दुजोरा दिला, मामेभावाने त्यात भर घातली, आणि पाच मिनिटांत असा निकाल लागला की अमेरिकेत खेळाचा नुसता हिशेब उरला आहे आणि आपल्याकडे तो अजून काळजाने खेळला जातो. मी त्या दिवशी वाद घातला नाही, कारण सणाचा विरस करायचा नव्हता. परंतु त्या विधानातला जवळजवळ प्रत्येक शब्द चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे सिॲटलमध्ये एकोणीस वर्षे राहिलेल्या माणसाने सांगितले पाहिजे असे मला वाटते.

काय घडले ते आधी सांगते. २० ऑक्टोबर २०२५ रोजी टोरांटोच्या रॉजर्स सेंटरमध्ये बेसबॉलच्या अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेचा सातवा आणि निर्णायक सामना होता. सिॲटल मरिनर्स १९७७ पासून खेळत आहेत, आणि तीस संघांपैकी वर्ल्ड सिरीजचे, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अजिंक्यपदाच्या मालिकेचे, तोंड एकदाही न पाहिलेला संघ तो एकच आहे. आमच्याकडे त्या दिवशी लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ होती, तिकडे ठाण्यात २१ तारीख उजाडली होती. सामना पाच वाजता सुरू झाला, पूजा सूर्यास्तानंतर करायची होती, म्हणून दोन इनिंगच्या, म्हणजे सामन्याच्या नऊ डावांपैकी दोन डावांच्या, मधल्या वेळात मी पूजा उरकली आणि हातावरचे हळदकुंकू तसेच ठेवून टीव्हीसमोर येऊन बसले. आमच्या हुलिओ रॉड्रिगेझने होमरन (चेंडू थेट सीमेपार) मारला होता, पाचव्या इनिंगमध्ये कॅल रॅलीने मारला, आणि आम्ही ३-१ असे पुढे गेलो.

सातव्या इनिंगच्या उत्तरार्धापर्यंत सगळे ठीक होते. आमचा पहिला पिचर, म्हणजे गोलंदाज, जॉर्ज कर्बी याच्यानंतर आलेल्या ब्रायन वूने दोन इनिंग निर्धोक काढल्या होत्या. सातव्यात त्याने पहिल्या फलंदाजाला वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट मिळणारा पहिला बेस) दिला, दुसऱ्याने साधा हिट मारला, तिसऱ्याने बंट करून, म्हणजे चेंडू हलकेच ढकलून, दोन्ही धावपटूंना पुढे सरकवले आणि स्वतः बाद झाला. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर माणसे, पहिला बेस रिकामा, आणखी आठ गडी बाद केले की वर्ल्ड सिरीज, आणि समोर जॉर्ज स्प्रिंगर. मॅनेजर डॅन विल्सन डगआउटमधून बाहेर आला, त्याने वूच्या हातातून चेंडू घेतला आणि बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचर जिथे तयार असतात तिथून, एदुआर्द बझार्डोला बोलावले. बझार्डोच्या दुसऱ्याच चेंडूवर स्प्रिंगरने तीन धावांचा होमरन मारला. ४-३. तोच अंतिम गुणफलक राहिला. आमचा क्लोजर, म्हणजे शेवटी येऊन आघाडी राखणारा पिचर, आंद्रेस मुन्योझ, ज्याच्या नावावर त्या मोसमात अशा राखणीचे ३८ सेव्ह होते, तो आठव्या इनिंगमध्ये आला आणि एकही धाव न देता परत गेला. तेव्हा राखायला आघाडीच उरली नव्हती.

त्या रात्रीपासून सिॲटलमध्ये एकच प्रश्न विचारला जातो आहे: मुन्योझ का नाही? कार्यालयात कॉफीच्या रांगेत, मुलीच्या सॉफ्टबॉलच्या सरावाला आलेल्या पालकांमध्ये, केस कापायला गेले तर तिथेही. हा प्रश्न ठाण्यापर्यंत पोहोचेतो त्याचे रूप बदलले, आणि माझ्या भावाच्या तोंडी तो कागद विरुद्ध काळीज असा झाला. माझी चीड नेमकी इथे आहे. विल्सनने कागद पाहून निर्णय घेतला असता तर मुन्योझच आला असता. सामन्याचा सगळा भार ज्या क्षणावर येऊन पडतो त्या क्षणी आपला सर्वोत्तम पिचर आणावा, तो क्षण सातव्या इनिंगचा असो की नवव्या, हे आकडेवारीवाले गेली पंचवीस-तीस वर्षे घसा कोरडा करून सांगत आहेत. क्लोजर नवव्यासाठी राखून ठेवायचा ही जुनी रीत आहे आणि ती सवयीतून आलेली आहे. विल्सन त्या रीतीने वागला. सामन्यानंतर त्याने जे कारण दिले त्याचा आशय असा होता की मोसमभर अशा अडचणीतून संघाला बझार्डोनेच बाहेर काढले होते. ज्या माणसाने वर्षभर काम केले त्याच्यावर ऐन वेळी अविश्वास दाखवायचा नाही, ही विल्सनची भूमिका होती. याला काळजाचा निर्णय म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

आणि ज्याला कागदाचा निर्णय म्हणावे तो माझ्या भावाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे आणि त्यावर तो नाचलेलाही आहे. २९ जून २०२४, बार्बाडोस, टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना. अक्षर पटेलच्या पंधराव्या षटकात २४ धावा गेल्या आणि दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या, खेळपट्टीवर क्लासेन आणि मिलर होते. जुन्या रीतीप्रमाणे बुमराला शेवटासाठी राखायला हवे होते. रोहित शर्माने त्याला सोळावे षटक दिले, त्यात चार धावा गेल्या. सतरावे हार्दिकला दिले, पहिल्याच चेंडूवर क्लासेन गेला. अठरावे पुन्हा बुमराला दिले, त्यात दोन धावा आणि यान्सनचा त्रिफळा. म्हणजे दोन षटके शिल्लक असताना बुमराचा कोटा संपला होता, आणि विसाव्या षटकात १६ धावा वाचवायला हार्दिक उरला होता. मिलरचा तो झेल सूर्यकुमारने सीमारेषेवर घेतला नसता तर "बुमराला आधीच का संपवलेस" हा प्रश्न बोरिवलीच्या रोहितला आयुष्यभर पुरला असता. आपण सात धावांनी जिंकलो, म्हणून तो प्रश्न कुणी विचारला नाही. रोहितने केले ते बरोबरच होते, झेल सुटला असता तरीही बरोबरच होते, आणि विल्सनने तेच करायला हवे होते. क्रिकेटमध्ये बुमराला एकाआड एक षटक देता येते, बेसबॉलमध्ये बाहेर काढलेला पिचर परत येऊ शकत नाही, त्यामुळे मुन्योझला सातव्यात आणले असते तर नववी इनिंग कुणी टाकली असती हा प्रश्न खरा आहे. परंतु आघाडी सातव्यातच गेली तर नवव्याचा विचार करून काय उपयोग?

आमच्या बाबांचा एक नियम होता. घरात सामना लागला की ते सांगत, "चेंडू सुटायच्या आधी बोलायचं. पडल्यावर कुणीही शहाणा." १८ एप्रिल १९८६ रोजी शारजात शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या असताना जावेद मियाँदादने चेतन शर्माला षटकार मारला, तेव्हा मी आठ वर्षांची होते. चाळीतली सगळी माणसे गॅलरीत येऊन चेतन शर्माला आणि त्याला चेंडू देणाऱ्या कपिलला बोल लावत होती. बाबांनी टीव्ही बंद केला आणि दिवसभर या विषयावर अवाक्षर काढले नाही, कारण त्यांनी चेंडूच्या आधी काही म्हटलेले नव्हते. त्याच चेतन शर्माने पुढच्याच वर्षी नागपुरात विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक घेतली, तरी त्याचे नाव निघाले की लोकांना तो फुलटॉसच आठवतो. बाबा आता नाहीत. त्यांचा नियम मी इथे घेऊन आले, आणि खरे सांगायचे तर इतकी वर्षे घरच्या लोकांशी बोलताना तो नियम मी थोडा मिरवत आले. निर्णय घेताना काय ठाऊक होते ते पाहा, निकाल पाहू नका, हे मी भावाला किती वेळा सुनावले असेल याची गणती नाही.

निकालाने निर्णयाला कसा रंग चढतो हे त्या ऑक्टोबरात अकरा दिवसांत तीन वेळा दिसले. १० तारखेला आधीच्या फेरीत डेट्रॉइटविरुद्ध निर्णायक सामना होता. त्यांच्या तारिक स्कुबलने सहा इनिंगमध्ये आमचे तेरा फलंदाज स्ट्राइकआउट केले होते. नव्व्याण्णव चेंडूंनंतर डेट्रॉइटचा मॅनेजर ए. जे. हिंच याने त्याला काढले आणि पुढच्याच इनिंगमध्ये, ज्याचा त्या दिवशी वाढदिवस होता त्या लिओ रिवासने बदली फलंदाज म्हणून येऊन आम्हाला बरोबरी करून दिली. पंधराव्या इनिंगमध्ये होर्हे पोलांकोने सामना जिंकून दिला, तोवर आमचे हक्काचे स्टार्टर, म्हणजे एरवी सामना सुरू करणारे पिचर, गिल्बर्ट आणि कास्टिओसुद्धा बुलपेनमधून येऊन टाकून गेले होते. डेट्रॉइटमध्ये हिंचवर आगपाखड झाली. पण त्याच सामन्यात सहाव्या इनिंगमध्ये आमच्या विल्सनने कर्बीला काढून, समोर डावखुरा फलंदाज आहे म्हणून डावखुरा पिचर आणला होता, आणि त्या केरी कारपेंटरने दोन धावांचा होमरन मारून डेट्रॉइटला आघाडी दिली होती. हा मात्र शुद्ध कागदी निर्णय होता, आणि तो साफ फसला होता. त्याविषयी सिॲटलमध्ये आज कुणी बोलत नाही. आम्ही जिंकलो होतो.

पुढे १७ तारखेला टोरांटोविरुद्धचा पाचवा सामना पाहायला मी आणि मुलगी गेलो होतो. नॉर्थगेटला गाडी लावली, लाइट रेलमध्ये निळ्या जर्सींच्या गर्दीत उभ्याने गेलो, तिसऱ्या मजल्यावर बसलो. आठव्या इनिंगला टोरांटो २-१ असा पुढे होता. त्यांचा मॅनेजर जॉन श्नायडर याने ब्रेंडन लिटलला आणले. कॅल रॅलीने उंच, खूप उंच होमरन मारून बरोबरी केली, लिटलने मागोमाग दोन वॉक दिले, त्याच्या जागी आलेल्या डोमिंगेझचा चेंडू अरोझारेनाला लागला, बेस भरले, आणि एउहेनिओ सुआरेझने ग्रँड स्लॅम, म्हणजे भरलेल्या बेसवर चार धावांचा होमरन, मारला. शेजारच्या अनोळखी आजीबाईंनी माझ्या मुलीला उचलून धरले होते. मिसिसागात माझी महाविद्यालयातली मैत्रीण राहते, ती टोरांटोची कट्टर समर्थक. रात्री तिचा फोन आला तेव्हा ती श्नायडरला काय काय बोलली ते इथे लिहिता येणार नाही. मी तिला थंडपणे समजावले की लिटल डावखुरा आहे, रॅली दोन्ही हातांनी खेळतो, अमुक बाजूने खेळवायचा त्यांचा विचार असेल, विचार वाईट नव्हता. तीन दिवसांनी ती मला हेच ऐकवेल हे तेव्हा माझ्या मनातही आले नाही. तिने ऐकवले. शब्दही जवळजवळ तेच होते.

या वादाला इथे जुनी परंपरा आहे. २००३ साली बॉस्टनचा ग्रेडी लिटल याने न्यूयॉर्कविरुद्धच्या सातव्या सामन्यात ५-२ अशी आघाडी असताना आठव्या इनिंगमध्ये थकलेल्या पेड्रो मार्टिनेझला काढले नाही. तो माऊंडवर गेला, पेड्रोशी बोलला आणि त्याला तिथेच ठेवून परतला. आघाडी गेली, अकराव्या इनिंगमध्ये सामना गेला आणि हंगाम संपताच ग्रेडी लिटलचे पदही गेले. माणसावर विसंबल्याची ती किंमत होती. २०२० साली टँपाचा केव्हिन कॅश याने वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात १-० अशी आघाडी असताना ब्लेक स्नेलला ७३ चेंडूंनंतर काढले, कारण तिसऱ्यांदा समोर येणारे फलंदाज पिचरला जास्त चांगले ओळखतात असे आकडे सांगतात. स्नेलने नऊ जणांना स्ट्राइकआउट केले होते आणि त्याला कुणी वाचू शकत नव्हते. आघाडी लगेच गेली आणि लॉस एंजेलिसने विश्वविजेतेपद घेतले. कागदावर विसंबल्याची ती किंमत होती. ज्याला जे सिद्ध करायचे असेल त्याने त्यातला एक सामना उचलावा. माझा भाऊ दुसरा उचलतो. मी पहिला उचलते.

आता हरमनप्रीतचे पाहू. १९ ऑक्टोबरला, म्हणजे स्प्रिंगरच्या होमरनच्या आदल्याच दिवशी, इंदूरला आपला संघ इंग्लंडकडून चार धावांनी हरला. सांगलीच्या स्मृतीने ८८ धावा केल्या तरी हरला. त्या सामन्यात सहावी गोलंदाज हवी म्हणून जेमिमा रॉड्रिग्जला बाहेर बसवले होते. त्या रात्री माझ्या याच भावाचे म्हणणे असे होते की हरमनप्रीतकडून कर्णधारपद काढून घ्यावे, तिला संघ निवडता येत नाही, तिला डोके नाही. अकरा दिवसांनी त्याच जेमिमाने नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा करून ३३९ धावांचे लक्ष्य गाठून दिले. आणि २ नोव्हेंबरला अंतिम सामन्यात, लॉरा वोल्वार्ट आणि सुने लूस यांची जोडी जमलेली असताना, हरमनप्रीतने शेफाली वर्माला चेंडू दिला. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून ऐन उपान्त्य फेरीआधी संघात आलेली शेफाली फलंदाज आहे, एकदिवसीय सामन्यांत तिने क्वचितच गोलंदाजी केलेली होती. तिने लूसला स्वतःच्याच चेंडूवर झेल घेऊन बाद केले आणि पुढच्या षटकात मारिझान कॅपला. पुढे दीप्तीने पाच बळी घेतले, आपण ५२ धावांनी जिंकलो, आणि डोके नसलेली हरमनप्रीत दोन आठवड्यांत द्रष्टी ठरली. शेफालीचा पहिलाच चेंडू वोल्वार्टने मैदानाबाहेर भिरकावला असता आणि ती जोडी शेवटपर्यंत टिकली असती तर माझ्या भावाने काय म्हटले असते, ते मला त्याला विचारायचीही गरज नाही.

मला राग येतो तो या उथळपणाचा. मी घरच्या लोकांपेक्षा शहाणी आहे असे मला म्हणायचे नाही, पण इथे राहून मी हरणे पाहायला शिकले एवढे नक्की म्हणेन. मी २००६ साली इथे आले. २००१ साली ११६ सामने जिंकलेला हा संघ त्यानंतर एकवीस वर्षे पोस्टसीझनमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांमध्ये, पोहोचला नव्हता. ती रखडपट्टी २०२२ साली संपली. त्यातल्या बहुतेक वर्षांची मी साक्षीदार आहे. सप्टेंबरच्या थंड संध्याकाळी, शर्यतीतून बाद झालेला संघ अर्ध्या रिकाम्या मैदानात हरत असताना, कागदावर पेन्सिलीने प्रत्येक चेंडूची नोंद करणारी म्हातारी माणसे मी पाहिली आहेत. सामना संपल्यावर ती वही मिटतात, आपला कचरा उचलतात आणि रेलकडे चालू लागतात. मला १९९६चे ईडन गार्डन्सही आठवते, पेटवलेल्या खुर्च्या आणि रडत परतणारा विनोद कांबळी. ही तुलना मी सोयीने करते आहे हे मला कळते. वानखेडेवर हरलेल्या रणजी सामन्याच्या शेवटच्या सत्रापर्यंत बसून राहणारी माणसेही मी बाबांबरोबर पाहिलेली आहेत, आणि इथे एक चेंडू अडवता न आल्याबद्दल वर्षानुवर्षे धमक्या सोसलेला बेसबॉलपटू बिल बकनरही मला ठाऊक आहे. तरी ईडन गार्डन्सच आधी आठवते, आणि ते का आठवते याचे उत्तर मला आवडत नाही. घर सोडून आलेल्या माणसाला आपण सोडले ते सोडण्यासारखेच होते, असे अधूनमधून स्वतःला सांगावे लागते.

त्या २० ऑक्टोबरच्या रात्री, होमरननंतर दोन तासांनी, मी घरच्या गटावर फक्त दोन शब्द लिहिले होते: "आम्ही हरलो." तिकडे लक्ष्मीपूजनाची सकाळ होती, रांगोळ्यांची छायाचित्रे येत होती. भावाने विचारले, "आम्ही म्हणजे कोण?" त्याला माहीत होते. त्याला तो शब्दच टोचला होता. इंग्रजीत या ठिकाणी एकच शब्द चालतो, मराठीत दोन आहेत, आणि ज्याच्याशी बोलतो त्याला आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे हे प्रत्येक वेळी ठरवावे लागते. मी ठरवले नव्हते. हातून आपोआप "आम्ही" लिहिले गेले, आणि त्या "आम्ही"त माझा सख्खा भाऊ नव्हता. त्यात नॉर्थगेटच्या गाडीतली माणसे होती, ती आजीबाई होती, पेन्सिलवाली म्हातारी माणसे होती. त्यानंतर त्याच्या बोलण्यात "तुमचा मॅनेजर", "तुमचे लोक" असे येऊ लागले. त्याने जे विधान केले त्याच्या मुळाशी कागद नव्हता आणि काळीजही नव्हते, हे मला आता दिसते. तो त्या "आम्ही"चे उत्तर देत होता, आणि मी बेसबॉलची आकडेवारी शोधत बसले होते.

आणखी एक गोष्ट लिहायची राहिली आहे, आणि ती लिहिल्याशिवाय विल्सनविषयी मी वर जे म्हटले त्याला अर्थ नाही. वूने वॉक दिला तेव्हाच माझी पंधरा वर्षांची मुलगी, जी स्वतः तिच्या संघाची पिचर आहे, उभी राहून म्हणाली होती, "आई, मुन्योझ. आत्ता." मी तिला खाली बसायला सांगितले. मी म्हणाले, "थांब, त्याला शेवटासाठी ठेवतील, तेच बरोबर आहे." चेंडू सुटायच्या आधी माझे मत हे होते. बझार्डो बुलपेनमधून धावत येताना मला हायसे वाटले होते, कारण डेट्रॉइटच्या त्या लांबलेल्या सामन्यात आणि सगळ्या उन्हाळ्यात मी त्याला अशा प्रसंगातून निभावून नेताना पाहिले होते. म्हणजे माझे मत विल्सनचेच मत होते, कारणासकट. होमरननंतर मी ओरडले ते मात्र "मुन्योझ का नाही" असेच. मुलगी काही बोलली नाही. ती उठून देवापुढच्या समईत तेल घालायला गेली. दुसऱ्या दिवशी कॉफीच्या रांगेत मी सांगत होते की मला आधीच दिसले होते. रोहितचा आणि बुमराचा दाखला मी नंतर शोधून काढला.

१ नोव्हेंबरच्या रात्री आम्ही दोघींनी वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना पाहिला. लॉस एंजेलिसच्या डेव्ह रॉबर्ट्सने आदल्या दिवशी ९६ चेंडू टाकलेल्या यामामोटोला पुन्हा आणले, आणि त्याने आणखी ३४ चेंडू टाकून अकरा इनिंगचा सामना संपवला. मिसिसागातली मैत्रीण हरली. तिला फोन करायचे धैर्य मला झाले नाही, मी फक्त "वाईट वाटले" एवढे लिहिले. त्याच रात्री दोन वाजता घड्याळे मागे गेली आणि नवीन वेळेप्रमाणे साडेतीनला नवी मुंबईचा सामना सुरू झाला. मी एकटी जागी होते. हरमनप्रीतने शेफालीला बोलावले तेव्हा, पहिला चेंडू पडायच्या आधी, मी भावाला लिहिले, "शेफाली का? हे चूक आहे." बाबांचा नियम मी त्या वेळी अक्षरशः पाळला होता. अर्ध्या तासात त्याने तोच संदेश मला उलट पाठवला, खाली काहीही न लिहिता. शेवटचा झेल हरमनप्रीतने घेतला तेव्हा मी लिहिले, "आपण जिंकलो." हाही शब्द मी ठरवून लिहिला नव्हता.

हा मजकूर लिहायला घेण्यापूर्वी मी त्याला फोन केला. शेफालीच्या बाबतीत माझे मत मी बदललेले नाही हे सांगितले, कारण त्या क्षणी जे ठाऊक होते त्यावरून मला आजही दीप्तीच योग्य वाटते. त्यावर त्याने पुष्कळ वाद घातला. मग मी त्याला सांगितले की बझार्डो आला तेव्हा मला बरे वाटले होते, मुलीने मुन्योझचे नाव घेतले होते आणि मीच तिला खाली बसवले होते.

तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग त्या विल्सनला एवढं का बोललीस?"

"आम्ही हरलो होतो," मी म्हणाले.

या वेळी त्याने आम्ही म्हणजे कोण असे विचारले नाही.